पाहुण्याचा पाना

कपड्यांच्या कारखान्याच्या कटिंग खात्यात मशिनं सुरू होण्याआधी दर वेळी एक गोष्ट घडते. बाहेरच्या माणसाला ती विचित्र वाटते. मास्तर मेन स्विचजवळ उभे राहतात आणि पोटातून ओरडतात, "दाखवा!" त्यासरशी खात्यातले चाळीस हात वर जातात. हातात कात्री असेल त्याने कात्री, खडू असेल त्याने खडू, काहीच नसेल त्याने उघडा पंजा डोक्याच्या वर धरायचा. सरळ, उंच आणि ताबडतोब. मास्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवतात आणि कोणाचं बोट, कोणाचं हत्यार पात्याच्या जवळ नाही अशी खात्री झाली की मगच स्विच ओढतात. दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी हे होतं.

नवीन आलेला पहिले दोन दिवस हसतो. तिसऱ्या दिवशी त्याचा हात आपोआप जातो. पुढे पुढे तर मागून कोणी जोरात हाक मारली तरी हातात असेल ते वर जातं, मग ते घर असो की रस्ता. खात्यातली एक बाई सांगायची की नवऱ्याने एकदा चढ्या आवाजात नाव घेतलं आणि तिने लाटणं वर धरलं. तेव्हापासून तो घरात हळू बोलतो.

या बाईला उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. तिला सगळे आठबोटी म्हणतात आणि ते नाव तिनेच स्वतःला ठेवलेलं आहे, म्हणजे दुसऱ्या कोणाला ठेवायला नको. तिची बोटं गेली त्या दिवशी स्विचवर मास्तरच होते. पात्याखाली अडकलेला कापडाचा भुगा ती काढत होती. मास्तरांनी विचारलं, झालं का? पलीकडून कोणीतरी हो म्हणालं, ते वेगळ्याच कामाबद्दल. मास्तरांनी स्विच ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन दुरुस्त करणारा मास्तरांकडे आला. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या देशातून आलेला हा माणूस तेव्हा इथली भाषा जेमतेमच बोलायचा. त्याने मास्तरांचं मनगट धरून त्यांना स्विचजवळ उभं केलं. स्वतः पात्याजवळ गेला, वाकला, मग उठून हातातला पाना डोक्यावर उंच धरला आणि दुसऱ्या हाताने मास्तरांना खूण केली, आता ओढा. असं त्याने तीनदा करून दाखवलं. पुढे भाषा आल्यावर त्याने त्याचं कारणही सांगितलं. म्हणाला, बोललेलं चुकतं मास्तर, दिसलेलं चुकत नाही.

त्यानंतर नऊ वर्षांत त्या खात्यात कोणाचं नखसुद्धा गेलं नाही. शेजारच्या दोन कारखान्यांनीही ही पद्धत उचलली. कोणी काढली, हे त्यांना माहीत नव्हतं.

त्याचं नाव पाहुणा. आला तेव्हा कोणीतरी गमतीने म्हटलं, काय पाहुणे, कधी आलात, आणि ते चिकटलं. अकरा वर्षं राबला तरी पाहुणा तो पाहुणाच राहिला. खरं नाव जिभेवर बसत नाही, अशी प्रत्येकाची सबब होती, आणि बसवून बघण्याचा प्रयत्न कोणी केला नव्हता. लाँड्रीच्या वर चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत तो बायको-मुलीसह राहायचा. खाली दिवसभर कपडे वाळवायची यंत्रं चालायची, त्यामुळे हिवाळ्यात त्याची खोली सगळ्यांत उबदार, असं तो अभिमानाने सांगायचा. उन्हाळ्याबद्दल बोलायचा नाही. वर्षातून एकदा राहण्याचा परवाना नवा करायला पहाटे रांगेत उभा राहायचा, आणि त्या दिवशी उशीर होईल म्हणून आदल्या दिवशीच सगळ्या मशिनांना तेल घालून जायचा. मशीन बिघडलं की त्याच्या अंगाला कान लावून डोळे मिटायचा. बायका म्हणायच्या, पाहुण्याची बायको नशीबवान, नवरा इतकं ऐकून घेतो.

त्याची हत्यारं एका जाड कापडाच्या गुंडाळीत असत. ती त्याने स्वतः शिवली होती. ज्या हत्याराचा जसा आकार तसा त्याचा कप्पा. पान्याच्या कप्प्यात पक्कड जायची नाही आणि पकडीच्या कप्प्यात पाना. आठबोटीच्या मशीनला त्याने पत्र्याचा एक चाप बसवून दिला होता. गेलेल्या दोन बोटांनी जे कापड धरायचं ते तो चाप धरतो. मालकांनी तिला घरी बसवायचं ठरवलं होतं; चापामुळे ती राहिली.

तो मेला तेव्हा बाहेर चांगला उजेड होता. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. कारखान्याचं शटर अर्ध्यावर अडकलं होतं आणि पाहुणा फुटपाथवर गुडघे टेकून त्याचा नट पिळत होता. मास्तर आत, शटरच्या पलीकडे, कापडाचं थान गुंडाळत होते. दोन रस्ते सोडून एका दुकानात चोरी झाली होती आणि पोलीस चोर शोधत होते. अर्धवट उघडं शटर आणि त्याच्याशी झटणारा परक्या चेहऱ्याचा माणूस त्यांना दिसला. मास्तरांनी आतून ऐकलं ते एवढंच. एक आवाज ओरडला, "ए, हातात काय आहे?" आणि लगेच तीन गोळ्या.

मास्तर वाकून शटरखालून बाहेर आले. पाहुणा पाठीवर पडला होता आणि त्याचा उजवा हात डोक्याच्या वर, सरळ, फुटपाथवर पसरलेला होता. मुठीत पाना तसाच होता. गोळी झाडणारा पोलीस पंचविशीचा होता. त्याने बुटाने पाना मुठीतून बाजूला सारला, मग बुटाकडे बघितलं आणि तो बूट भिंतीवर घासून पुसला. मास्तरांना पुढे कित्येक दिवस सगळ्यांत आधी आठवायचं ते हे पुसणं.

चोर दुसऱ्या दिवशी सापडला. तो इथलाच होता.

तिसऱ्या दिवशी मालकांनी मास्तरांना ऑफिसात बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला. एकवीस वर्षांत मास्तरांना त्या खोलीत खुर्ची मिळाल्याची ही दुसरी वेळ. टेबलावर टाइप केलेला कागद होता. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे त्या माणसाने लोखंडी हत्यार अचानक डोक्यावर उगारून हल्ल्याचा प्रयत्न केला होता. त्याच्या बायकोच्या वकिलाचं म्हणणं असं की कारखान्यात हत्यार वर धरून दाखवायची पद्धत आहे, तो सवयीने गेलेला हात होता. आणि टेबलावरच्या, मास्तरांनी सही करायच्या कागदावर लिहिलं होतं, 'आमच्या कारखान्यात अशी कोणतीही पद्धत नाही व कधीही नव्हती.'

मालक आवाज न चढवता बोलले. गेलेला माणूस काही परत येणार नाही. हात वर करायची पद्धत आपली, म्हणजे उद्या दोष कारखान्यावर यायचा. शिवाय कटिंग टेबलावर आत्ता काय पडलंय ते मास्तरांना माहीतच आहे.

मास्तरांना माहीत होतं. टेबलावर पोलिसांचे शर्ट होते. सबंध वर्षाचं काम.

मास्तरांनी सही केली. कागद वाचून, चष्मा लावून, चहा संपवून सही केली. न वाचता केली असती तर पुढे निदान तसं सांगता तरी आलं असतं.

आठवड्याने पाहुण्याची बायको हत्यारांची गुंडाळी न्यायला आली. बरोबर नऊ वर्षांची मुलगी होती. आईला इथली भाषा कामापुरती यायची आणि हे बोलणं कामाच्या पलीकडचं होतं, म्हणून मुलगी मध्ये उभी राहून इकडचं तिकडे करत होती. शाळेत पाठ म्हणावा तशा सपाट आवाजात. मास्तरांनी गुंडाळी आणून दिली. आईने ती उघडली, एका रिकाम्या कप्प्यावर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं.

"आई विचारते, पाना कुठे आहे?"

मास्तर म्हणाले, पोलिसांकडे.

आई पुन्हा बोलली, या वेळी बराच वेळ. मुलीने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई विचारते, बाबांनी हात वर का केला? शाळेत मुलं म्हणतात, तुझे बाबा पोलिसांना मारायला गेले. कागदावरही तसंच लिहिलंय. आई म्हणते, तुम्हाला ठाऊक असणार."

मास्तरांच्या मागे आठबोटीचं मशीन चालू होतं ते थांबलं. दुसरंही थांबलं. मास्तर मुलीला म्हणाले, "मला माहीत नाही, बाळ."

मुलीने ते आईला सांगितलं. त्यांच्या भाषेत ते वाक्य फारच छोटं होतं. आईने मान हलवली, गुंडाळी बांधली आणि आभार मानून गेली. आभार मानून.

त्या दिवशी डबा उघडला आणि मास्तरांना मळमळायला लागलं. घरी गेले तरी तेच. भात नको, चहा नको, साबणाचा वासही नको. बायकोने आलं दिलं, लिंबू दिलं. चौथ्या दिवशी ती कंटाळून म्हणाली की पोटात काही नाही आणि मळमळ मात्र आहे, म्हणजे गिळलेलं काहीतरी वेगळंच आहे. मास्तरांनी सहीचं सांगितलं. तिने ओट्यावरचा हात थांबवला नाही.

"ओकून टाका," ती म्हणाली. "ओकल्याशिवाय मळमळ जात नाही. औषध कशाला शोधताय?"

पण ओकायला हिंमत लागते. मास्तर कामावर जात राहिले. टेबलावर शर्टाच्या कापडाचे शंभर थर, वर खडूने आखलेले खिसे, कॉलर, बाह्या. पातं त्यातून लोण्यातून जावं तसं जायचं आणि मास्तरांना उजवी बाही कापताना खांद्यात कळ यायची. मालकांनी नवा हुकूम काढला होता. ओरडायचं नाही, हात वर करायचा नाही. स्विचजवळ घंटा बसवली आहे, ती वाजवा. घंटा वाजायची, मास्तर मालकांच्या ऑफिसची काच बंद आहे ना ते बघायचे आणि मग हळूच म्हणायचे, दाखवा. हात वर जायचे. बोटं तर सगळ्यांनाच प्यारी होती.

आठबोटी त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही. बोलली तेव्हा स्विचजवळ येऊन, सगळ्यांच्या देखत.

"मास्तर, माझी दोन बोटं गेली. तुमची एक सही गेली. कोणाचा हात जास्त तुटला, सांगा."

मास्तरांनी घंटा वाजवली. पूर्वी कोणी असं बोललं असतं तर त्यांनी झाडलं असतं.

तीन महिन्यांनी मालकांनी पाहुण्याची आठवण म्हणून सभा घेतली. ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून चौकटीत घातला होता. इतका ताणला होता की जवळून नुसते ठिपके दिसत आणि दुरून कोणीही दिसे. पोलीस ठाण्याकडून फुलांचा गुच्छ आला होता आणि त्याच्या फितीवर ठाण्याचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. गुच्छ घेऊन आलेल्या हवालदाराने तो फोटोखाली ठेवला आणि तिथेच मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं की मागच्या खेपेच्या शर्टांचं छातीच्या खिशाचं बटण घट्ट लागतं, जरा बघा. मालक म्हणाले, तो आमच्या घरातला माणूस होता. भाषणात त्याचं नाव घ्यायचं आलं तेव्हा त्यांनी कागदावर बघितलं आणि तरी ते चुकवलं. पाहुण्याच्या बायकोला बोलावलंच नव्हतं. तिला वाईट वाटेल म्हणून, असं कळलं.

"मेल्या म्हशीला मणभर दूध," आठबोटी मागून म्हणाली, हळू नाही. सभा संपल्यावर तिने गुच्छ उचलून भुग्याच्या पिंपात टाकला. गुच्छ कुठे गेला म्हणून मालकांनी दोनदा विचारलं. चाळीस माणसांपैकी कोणालाच गुच्छ दिसला नव्हता.

नंतर चौकशी अधिकारी येणार असं कळलं. वकिलाने धोशा लावला होता म्हणून जागेची पाहणी करायची, एवढंच. मालकांनी सकाळीच खात्यात येऊन बजावलं की आज घंटाच. कोणाचा हात वर गेलेला दिसला तर तो हात उद्या दुसऱ्या कारखान्यात काम शोधेल. मास्तरांना वेगळं सांगायची गरज त्यांना वाटली नाही. सही होती ना.

अधिकाऱ्यांना सर्दी झाली होती. रुमाल नाकाला लावून ते टेबलांमधून फिरले, कापडाच्या धुळीला वैतागले, मालकांशी हवेबद्दल बोलले. बरोबर एक शिपाई होता, कमरेला पिस्तूल. दहा मिनिटांत पाहणी उरकत आली. अधिकाऱ्यांनी फाइल उघडून मास्तरांचा कागद काढला आणि चालता चालता विचारलं, सही तुमचीच ना? मास्तर स्विचजवळ उभे होते. हो म्हणाले. अधिकाऱ्यांनी फाइल मिटली.

आता ते दारातून बाहेर पडणार आणि ते वाक्य कायमचं खरं होणार. शाळेतली मुलं मोठी होतील, आणि मुलगी मोठी झाल्यावरही कोणीतरी तो कागद काढील. मास्तरांच्या घशाशी आंबट आलं. त्यांनी घंटेकडे बघितलं, तोंड उघडलं आणि पोटातून ओरडले.

"दाखवा!"

चाळीस हात वर गेले. कोणी विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. तेवीस कात्र्या, दाभण, खडू, पट्ट्या आणि आठबोटीचा तीन बोटांचा पंजा. मालकांच्या हातातलं पेनसुद्धा खांद्यापर्यंत गेलं आणि मग खाली आलं. अधिकारी दोन पावलं मागे सरले आणि कापडाच्या थानाला धडकले. शिपायाचा हात कमरेला गेला. पिस्तूल खोळीतून अर्धं बाहेर आलं होतं.

खात्यात कोणी हललं नाही. हात वरच होते. पद्धतच तशी आहे, स्विच ओढेपर्यंत हात खाली घ्यायचा नसतो.

"ते आत ठेवा," मास्तर शिपायाला म्हणाले. मग अधिकाऱ्यांकडे वळले. "साहेब, ही पद्धत नऊ वर्षं आहे. ती त्यानेच घालून दिली. कोणी ओरडलं की हातातलं वर धरायचं, पटकन, म्हणजे समोरच्याला दिसतं आणि कोणाला इजा होत नाही. मी खोटं लिहून दिलं."

मालक म्हणाले, मास्तर हल्ली आजारी असतात, वय झालं. अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते शिपायाच्या हाताकडे बघत होते. तो अजून कमरेलाच होता. रुमाल नाकाला लावायचा राहून गेला. मग फाइल थानावर ठेवली आणि नवीन कागद मागितला. मास्तरांनी या वेळी स्वतःच्या हाताने लिहिलं. घरी जाऊन दोन वाट्या भात खाल्ला.

मोठं काही झालं असं कोणी समजू नये. निकाल आला त्यात हल्ल्याचं वाक्य नव्हतं. मयताने कामाच्या सवयीनुसार हातातील वस्तू दाखवण्यासाठी वर धरली, असं होतं. त्यापुढे होतं की पोलिसाने परिस्थितीनुसार योग्य वाटलं ते केलं आणि दोष कोणाचाच नाही. तीन गोळ्या आणि दोष कोणाचाच नाही. त्या पोलिसाची दुसऱ्या ठाण्यात बदली झाली, वरच्या जागेवर. मास्तरांना मालकांनी काढलं नाही. शर्टांची मुदत जवळ होती आणि शंभर थर सरळ कापणारा दुसरा माणूस गावात नव्हता. पुढे ओरडण्यावरची बंदीही आपोआप विसरली गेली आणि घंटा गंजली.

पाहुण्याची बायको आणि मुलगी निकालाचा कागद घेऊन आल्या. मुलीने ते एक वाक्य मास्तरांना वाचून दाखवलं, मग आईला त्यांच्या भाषेत सांगितलं. मास्तर तिला म्हणाले की त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं होतं, मला माहीत होतं. मुलीने हे आईला सांगितलं नाही. म्हणाली, तिला माहितीये.

ठाण्यातून वस्तू परत मिळाल्या होत्या. एका पिशवीत पाना होता आणि पान्याला सुतळीने चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर नंबर आणि खाली ठळक अक्षरात 'हत्यार'. निकाल बदलला तरी चिठ्ठी बदलायचं कोणाला सुचलं नव्हतं. मुलगी ती वाचत होती. मास्तरांनी कात्री घेऊन सुतळी कापली, चिठ्ठी भुग्याच्या पिंपात टाकली आणि हात दोनदा धुतले.

आईने पाना घेतला नाही. मुलगी म्हणाली, "आई म्हणते, हा इथे लागेल. शटर अजून नीट नाही."

शटर खरंच नीट नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याचा तोच हवालदार शर्टांची खेप न्यायला आला आणि कटिंग खात्याच्या दारात उभा राहिला. मास्तरांनी "दाखवा" म्हटलं. हात वर गेले. आजवर मास्तर स्वतः कधी काही वर धरत नसत, त्यांचा हात स्विचवर असे. त्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने पाना वर धरला.

हवालदार मागे सरला. म्हणाला, आधी ते खाली ठेवा.

"ओरडा हवं तर," मास्तर म्हणाले. "पात्याजवळ कोणाचा हात नाही ना, तेवढं बघतोय. तुमचाही दिसू दे."

हवालदाराने थोडा वेळ इकडे तिकडे बघितलं. मग त्याने दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केले. मास्तरांनी स्विच ओढला.